सिंहगडाच्या पायथ्याशी, पिंगळ्याच्या मागे

पहिला सल्ला आधीच देतो: रविवारी जाऊ नका. आम्ही गेलो, कारण भाच्याला दुसऱ्या दिवशी क्लास बुडवायची परवानगी नव्हती. फेब्रुवारीअखेरचा रविवार, सव्वासहाला आतकरवाडीत पोचलो, तर गड चढणाऱ्यांच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागलेल्या. पीएमपीनं, म्हणजे पुण्याच्या शहर बसनं, येणार असाल तर स्वारगेटहून पायथ्याची बस मिळते, पण पिंगळ्यासाठी, म्हणजे त्या छोट्या घुबडासाठी, उजेड फुटायच्या आत पोचायला हवं, म्हणून स्वतःची गाडी बरी.

गडाची पायवाट सोडून आम्ही ओढ्याच्या कडेनं दरीत शिरलो. मोठ्यानं बोलायचं नाही, एवढी एकच अट मी घातली होती. अर्ध्या तासात ती मीच मोडली. चहाच्या थर्मासचं झाकण दगडावर पडून असं काही खणखणलं, की समोरच्या उंबरावरचं काहीतरी तपकिरी गपकन उडून गेलं. भाचा माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती मी इथे लिहीत नाही.

मग बराच वेळ काही नाही. साडेसातच्या सुमाराला बुलबुलांनी एका आंब्यात कालवा सुरू केला. त्यांच्यात नाचण आला, दोन चष्मेवाले आले, कोतवालही येऊन ओरडू लागला. असा निरनिराळ्या पाखरांचा गोंधळ एकाच फांदीभोवती चालला असेल, तर तिथे बहुतेक घुबड किंवा साप असतो. मोबाइलवर आवाज वाजवून पिंगळ्याला बोलवायची गरजच नाही. त्या आवाजानं त्याला वाटतं, आपल्या हद्दीत कुणी घुसलंय. विणीच्या तोंडावर त्याला उगाच दमवायचं कशाला?

बुलबुलांनी दाखवलेल्या फांदीवर तो होता. मुठीपेक्षा थोडा मोठा, अंग चोरून बसलेला, पिवळेजर्द डोळे अर्धे मिटलेले. एक बुलबुल फारच जवळ आला, तेव्हा अंग जराही न हलवता त्यानं फक्त मान फिरवली, थेट पाठीमागे.

‘‘मामा, रानपिंगळा!’’ भाचा कुजबुजला.

इथे बरेच जण फसतात. रानपिंगळा हा वेगळा, फार दुर्मिळ पक्षी. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या इंग्रज संग्राहकाला मिळाला, पुढच्या वर्षी पक्षितज्ज्ञ ह्यूमनं त्याचं नाव ठेवलं. १८८४ नंतर तो असा दिसेनासा झाला, की नामशेष झाला असंच धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ, अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो पुन्हा दिसला. पुढे मेळघाटात आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही सापडला. दिवसाढवळ्या सरडे-उंदीर पकडणारा हा पक्षी पानगळीच्या सागवनात राहतो. त्याला बघायचं तर तिकडची वाट धरावी लागेल. आमच्यासमोर होता तो जंगली पिंगळा.

ओळखायची सोपी खूण म्हणजे डोकं बघा. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके, जंगली पिंगळ्याच्या डोक्यावर बारीक आडवे पट्टे, आणि रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, साधी दुर्बीण पुरते. जंगली पिंगळ्याचा आवाजही कानात ठेवा: गळ्यात पाणी घोळवल्यासारखा, आधी सावकाश आणि मग भरभर.

परतताना वाडीतल्या एका ढोलीच्या झाडाखाली भाच्याला करड्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी गोळी सापडली. काडीनं उकलली तर आत भुंग्यांची चकचकीत पंखकवचं, नाकतोड्याचा पाय आणि सुईसारखं एक हाडूक. न पचलेलं सगळं पिंगळा असं उलटून टाकतो. वर बघितलं, तर ढोलीच्या तोंडाशी ठिपकेवाला गावपिंगळा आमच्याकडे बघत माना डोलावत होता. तिथे दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. ढोलीशी गर्दी झाली तर तो जागा सोडतो.

भजी आणि मडक्यातलं दही यांत आमचा तास गेला, ती चूक तुम्ही करू नका. दहाच्या आत निघा. आम्ही साडेअकराला निघालो आणि खडकवासल्याची चौपाटी ओलांडायलाच पाऊण तास लागला. घरी ताईला भाच्यानं घुबड अगदी जवळून बघितल्याचं सांगितलं, तर तिनं आधी दोघांनाही अंघोळीला पाठवलं.