२७.९७ चा आकडा आणि गोव्याचे रस्ते

मे महिना लागला की आमच्या फोंड्याच्या घरून मानकुरादच्या पेट्या नातेवाइकांकडे निघतात. पेडण्याला मामा, केरीला आत्या, काणकोणला थोरली बहीण. यंदा दिमतीला नवी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी होती, त्यामुळे आंब्यांइतकीच अ‍ॅव्हरेजचीही उत्सुकता. कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर. शोरूममधला मुलगा हा आकडा शेवटच्या दशांशासकट म्हणून दाखवत होता.

हा आकडा रस्त्यावर जन्मत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तालावर पळवतात. जेमतेम वीस मिनिटं, साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर, कमाल वेग ताशी ९०. बराचसा वेळ पन्नाशीच्या आत, मधूनमधून थांबे. एसी बंद. मे महिन्यात गोव्यात एसी बंद ठेवून कोण फिरतं, हे मला त्या चाचणीवाल्यांना एकदा विचारायचंय.

आमचा हिशोब जुन्या पद्धतीचा: नोझल आपोआप थांबेपर्यंत टाकी भरायची, फिरून यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची. यातला एकमेव अडथळा म्हणजे पंपावरचा पोरगा. नोझल ‘टक्’ करून थांबलं तरी त्याचा हात सुटत नाही. ‘राउंड फिगर करतो ना!’ नको रे बाबा. त्या राउंड फिगरपायी अर्धा-पाऊण लिटर जास्त जातं आणि अख्खं गणित कोसळतं.

पहिली खेप पेडण्याची. बाणस्तारी, जुने गोवे, पणजी ओलांडून पर्वरीत पोचलो तर उड्डाणपुलाच्या कामामुळे नेहमीचीच रांग. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या, शेजारच्या टॅक्सीवाल्याचा जीव क्लचवर टांगलेला, आणि आमचं इंजिन बहुतेक वेळ झोपलेलं. एसीसुद्धा बॅटरीवर. पाच-सात मिनिटांनी इंजिन गुरगुरायचं, बॅटरीला थोडं पाजायचं, परत गप्प. म्हापशाला पोचेपर्यंत स्क्रीनवर २५.८. पुढे चौपदरी महामार्ग मोकळा मिळाला, मीही पाय मोकळा सोडला, काटा शंभरावर. त्या पट्ट्यासाठी मीटर वेगळं शून्य केलं होतं. धारगळ जाईपर्यंत ते १८ च्या घरात!

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकलं की फायदा आणि रस्ता मोकळा मिळाला की तोटा? उलटीच गाडी घेतलीस की रे.’

पण मामा म्हणतो त्यात खोट नाही. हायब्रिडची बचत होते ती इंजिन बंद ठेवून आणि ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत घेऊन. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, मग परत घेणार काय? त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठऐवजी शंभरने गेलात की तो पावणेतीन पट. तिथे मोटर फारसं काही करू शकत नाही, इंजिनच राबतं.

केरीची खेप सर्वांत मजेशीर. आत्याकडे पेटी उतरवून, सोलकढी पिऊन, उगाच चोर्ला घाट चढून आलो. चढताना आकडा बाराच्या आसपास लोळत होता, त्यात नवल नाही. नवल उतरताना. माथ्यावरून ‘बी’ गिअर (उतारावर गाडी रोखून धरणारा) टाकून सुटलो, बॅटरीच्या पट्ट्या एकेक करून भरत गेल्या, मी खूश. आणि चार-पाच वळणांतच बॅटरी भरली. त्यानंतर इंजिन मोठ्याने घुमायला लागलं, पेट्रोल न जाळता, नुसतं गाडीला धरून ठेवायला. मागे बसलेल्या आईला वाटलं गाडी बिघडली.

साधा हिशोब आहे. दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली उतरली तर सुमारे दोन किलोवॅट-तास ऊर्जा सुटते. आमच्या गाडीची बॅटरी पुरती एका किलोवॅट-तासाचीही नाही. नेक्सॉन ईव्ही या पूर्ण विजेवरच्या गाडीची सुरुवातीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासाची होती, त्यावरून अंदाज घ्या. चढताना जाळलेलं उतरताना वसूल होईल, ही आशा घाटात निम्म्यावरच संपते. उरलेली ऊर्जा अंजुणे धरणाच्या दिशेने उष्णता होऊन उडून जाते.

काणकोणचा रस्ता त्या मानाने शहाणा. मडगाव सोडल्यावर कुंकळ्ळी, बाळ्ळी, मग करमळ घाटातली झाडी. वेग पन्नास-साठच्या वर जातच नाही, चढउतारही बॅटरीला झेपणारे. आमचा दिवसाचा सर्वांत चांगला आकडा तिथेच मिळाला, २६ ला टेकणारा.

फोंड्याला परतून टाकी भरली. स्क्रीन म्हणत होती २२.६, पंपाचा हिशोब म्हणाला २१.४. कागदापेक्षा जवळपास पाव हिस्सा कमी. थोडा वाटा पेट्रोलचाही आहे. हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. तरीही तक्रार नाही. आमची आधीची पेट्रोल ऑटोमॅटिक याच रस्त्यांवर तेराच्या पुढे कधी गेली नाही.

पर्वरीहून रोज पणजीला कामावर जाणाऱ्या मेव्हण्याला मी घे म्हणून सांगितलंय. मामाचा मुलगा मात्र दर पंधरवड्याला महामार्गाने मुंबई गाठतो, तेही शंभरच्या खाली न येता. त्याने जास्तीचे पैसे हायब्रिडवर घालू नयेत. त्यातून गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, म्हणजे इथे टाकी भरणाऱ्याचे ते पैसे वसूल व्हायला आणखीच वेळ लागतो.