नऊ दिवसांचा तांदूळ

2022 च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्यात गटशिक्षणाधिकारी होते. माहिती अधिकाराच्या पहिल्या अपिलांची सुनावणी माझ्याकडे असायची. त्या दिवशी एकच अपील होतं. दाराबाहेर चपला काढून एक बाई आत आल्या. सोबत बारावीतली पुतणी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं कालनिर्णयचं जुलैचं पान.

बाई ऊसतोड मजूर. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. ऑगस्टमध्ये पुतणीच्या हाताने त्यांनी अर्ज केला होता: 4 ते 27 जुलैची शालेय पोषण आहाराची तांदूळ साठा नोंदवही आणि त्याच दिवसांची हजेरी द्या. पिवळं रेशनकार्ड असल्यामुळे शुल्क माफ होतं. मुख्याध्यापकांनी तिसाव्या दिवशी दोन ओळींत उत्तर दिलं, "मागितलेली माहिती विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती असल्याने कलम 8(1)(ञ) नुसार देता येत नाही."

"मॅडम, दिवाळी झाली की आमचा कोयता कारखान्यावर जाणार," बाई म्हणाल्या. "तारीख पुढं ढकलू नका. मग मी मार्चातच सापडंल."

अपिलावर निर्णय द्यायला कायदा तीस दिवस देतो, कारण नोंदवून पंचेचाळीस. त्यांचं वेळापत्रक त्याहून कडक होतं.

मुख्याध्यापक गुरुजी रुमालात बांधलेल्या नोंदवह्या घेऊन आले होते. त्यांची भीती खोटी नव्हती, हे आधीच सांगते. आदल्या वर्षी एका माणसाने त्यांच्याकडे सहा वर्षांची सगळी व्हाउचरं मागितली होती आणि नंतर फोनवर तडजोडीची भाषा केली होती. अशा अर्जदारांनी तालुक्यातल्या निम्म्या मुख्याध्यापकांची झोप उडवलेली आहे. पण त्या एका माणसावरचा राग पुढच्या प्रत्येक अर्जावर निघतो, आणि त्यात अशी एखादी आई भरडली जाते.

हजेरीपटावर मुलांची नावं असतात, जन्मतारीख असते, प्रवर्ग असतो. ते झाकायलाच हवं. त्यासाठी कलम 10 आहे: जे देता येत नाही ते वेगळं काढा आणि उरलेलं द्या. या बाईंना कुणाची जात नको होती. रोज किती मुलं हजर होती, एवढाच खालचा आकडा हवा होता. तांदळाच्या साठ्यात तर कोणाचं खासगी काहीच नाही. माझ्या लिपिकाने जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या, नावांच्या रकान्यावर ठेवल्या आणि झेरॉक्स काढली. दहा मिनिटं लागली. ज्या कामासाठी दोन महिने गेले होते, ते दहा मिनिटांचं होतं.

मग मी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

पहिली ते पाचवीला रोज मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ. शाळेचा पट 46. साठा नोंदवहीत एकवीस दिवस रोज 4 किलो 600 ग्रॅम खर्च, एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखा. हजेरीपटावर मात्र मुसळधार पावसाच्या एका दिवशी फक्त 19 मुलं. जमा बाजूला 50 किलोची दोन पोती. पोतं आल्याची पावती, म्हणजे चलन, एकाचंही नाही.

"गुरुजी, चलन?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, तांदूळ आलाच नव्हता. एक पोतं शेजारच्या शाळेतून उसनं आणलं. ते बारा दिवस पुरलं."

"आणि दुसरं?"

"दुसरं नव्हतंच."

बाईंनी पिशवीतून पान काढून टेबलावर पसरलं. ज्या दिवशी मुलगा शाळेतून उपाशी आला, त्या तारखेभोवती पेनाने गोल. 18 ते 23, मधला रविवार सोडून 25 ते 27. मी मोजले. नऊ गोल. एकवीसातून बारा गेले की नऊच उरतात.

गुरुजींनी एक किलोसुद्धा घरी नेला नव्हता. त्यांनी टंचाई लपवली होती. 2015 च्या मध्यान्ह भोजन नियमांप्रमाणे धान्य नाही म्हणून जेवण शिजलं नाही, तर मुलांना अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो, तोही पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस खंड पडला तर जबाबदारी निश्चित करावी लागते. म्हणून खंड कागदावर येऊ द्यायचा नाही, अशी तोंडी सूचना वरून खाली येते. तोंडी सूचनेची प्रत कुठल्याच अर्जाने मिळत नाही.

"तुम्ही कळवलं नाही का?" मी विचारलं.

"दोनदा कळवलं. तुमच्याच कार्यालयात."

फाइल यायला पाऊण तास लागला. 'पोषण आहार, किरकोळ' असं वर लिहिलेलं. आत गुरुजींची दोन पत्रं, आमच्या आवक शिक्क्यासकट. दुसऱ्या पत्राच्या कोपऱ्यात 'पाहिले' असा शेरा आणि खाली लघुस्वाक्षरी. ती माझी होती.

मी ते पत्र वाचलं होतं आणि मला ते आठवतही नव्हतं.

अर्ज शाळेच्या अभिलेखापुरता होता, ही पत्रं त्यात येत नव्हती. तरीही त्यांच्या प्रती दिल्याच पाहिजेत असं मला वाटलं. आदेशात मी शेऱ्याचाही उल्लेख केला. बाईंनी पत्रं पुतणीकडून वाचून घेतली, मग गुरुजींकडे वळल्या.

"गुरुजी, तुम्ही एवढं लिवलं व्हतं, मग आम्हाला का न्हाई सांगितलं? मी तुम्हाला चोर समजत व्हते."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

नऊ दिवसांचा भत्ता मिळावा म्हणून मी त्याच दिवशी जिल्हा परिषदेला प्रस्ताव पाठवला. मुलामागे 900 ग्रॅम तांदूळ आणि इंधन-भाजीचा खर्च. मंजुरी फेब्रुवारीत आली. तेव्हा ते कुटुंब कारखान्यावर होतं. मुलाच्या वाट्याचा तांदूळ पुतणीने सही करून नेला.

त्या सुनावणीनंतर 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि त्याने माहिती अधिकारातलं हेच कलम 8(1)(ञ) बदललं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुणालाही नाकारू नये, हे वाक्य त्यातून गेलं. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम 8(2) मध्ये आहे, पण जनहित आणि खासगीपणा यांचा तोल अधिकाऱ्यानेच साधायचा, आणि घाबरलेला अधिकारी कुठे झुकतो ते मी पाहिलं आहे. मुलांची नावं जपण्याच्या मी पूर्ण बाजूची आहे. नावांच्या आड तांदूळ लपवण्याच्या नाही.

माहिती अधिकाराच्या कलम 4 प्रमाणे अर्जाची वाट न बघता माहिती स्वतःहून मांडायची असते. मी तालुक्यातल्या सगळ्या शाळांना परिपत्रक काढलं: दर सोमवारी शिल्लक तांदूळ बाहेरच्या फळ्यावर लिहा. काही शाळांनी आठवडाभर लिहिलं आणि सोडलं. या गुरुजींनी सोडलं नाही. जानेवारीतल्या एका सोमवारी त्यांनी खडूने लिहिलं, 'शिल्लक तांदूळ: 0'. दुपारपर्यंत मला गावातून अकरा फोन आले. बुधवारी गाडी आली.