भाकरी, गच्ची आणि 20 सेकंद

आज मोबाईलमध्ये दोनच फोटो धड आले.

पहिला सकाळचा. आईने ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून गॅसवर टाकली. टम्म फुगली, वर करपलेले काळे डाग, कडेला पिठाची पांढुरकी धूळ, खिडकीतून तिरपं ऊन. ओरडलोच, "थांब, हा ग्रह आहे!" आई म्हणाली, "ग्रह गार होतोय, खाऊन घे." (शाळेपासून विज्ञानकथा वाचून डोकं असंच झालंय, घरच्यांना सवय आहे.)

दुसरा संध्याकाळचा. गच्चीवरून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दिसणार होतं. ट्रायपॉड भाच्याने मोडलाय, म्हणून मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवला. शटर 20 सेकंद उघडं ठेवलं, म्हणजे हलणाऱ्या उजेडाची रेघ उमटते. पहिल्या फोटोत शेजारच्या काकूंची वाळत घातलेली साडीच आली. दुसऱ्यात मात्र पाण्याच्या टाकीवर एक पांढरी रेघ, शेवटाला विरत गेलेली. स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलं ना, तिथे विरली. ते चमकतं उन्हामुळे, स्वतःच्या दिव्यांनी नाही. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर, म्हणजे ती बोटभर रेघ खरंतर दीडशे किलोमीटरची!

आई कपडे काढायला वर आली होती.
"माणसं आहेत त्यात?"
"2000 सालापासून कायम कोणी ना कोणी असतंच."
"खातात काय?"
"पावाचा चुरा तरंगत राहतो, म्हणून मैद्याचे टॉर्टिया नेतात. गोल, पातळ, भाजलेले..."
"म्हणजे पोळीच की," म्हणत ती बरणी उचलून खाली गेली.