मणक्यातला धातू आणि माझ्या पडद्यावरच्या रेघा

मणक्यातली गाठ काढलेल्या रुग्णाशी माझा संबंध शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी येतो, आणि तोही बहुधा त्याच्या सीटी स्कॅनमधूनच. किरणोपचार विभागात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून माझे काम असे, की उरलेल्या पेशींवर मारा कोणत्या दिशेने आणि किती करायचा हे मिलिमीटरच्या हिशोबाने ठरवायचे. अशा वेळी पडद्यावर मणक्याला आधार म्हणून बसवलेले टायटॅनियमचे दोन रॉड आणि सहा-आठ स्क्रू दिसले, तर त्यांच्याभोवती काळ्या-पांढऱ्या रेघांचा असा फवारा उडालेला असतो की मज्जारज्जूची कड नेमकी कुठे संपते हे शोधण्यातच दुपार जाते.

ही कड महत्त्वाची का, हे दोन आकड्यांवरून कळेल. रोज सुमारे २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) या नेहमीच्या पद्धतीने उपचार करताना मज्जारज्जूला एकूण ४५ ते ५० ग्रेच्या पुढे सहसा नेत नाहीत, आणि कॉर्डोमासारख्या, मणक्याच्या हाडात होणाऱ्या चिवट गाठीला मात्र ७० ग्रेच्या आसपास मात्रा द्यावी लागते. या दोहोंमध्ये कधी कधी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे अंतर असते आणि रेघा नेमक्या तिथेच पडलेल्या असतात.

धातूमुळे किरणच अडतात, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. उपचाराचे क्ष-किरण मेगाव्होल्ट पातळीचे असल्यामुळे टायटॅनियमच्या रॉडमधून ते बऱ्यापैकी पार होतात. धातूच्या अलीकडच्या बाजूला मात्रा थोडी वाढते आणि पलीकडे थोडी घटते, पण हा फरक गणितात बराचसा सामावून घेता येतो. खरी अडचण चित्राची आहे. सीटीचे किरण कमी ऊर्जेचे असतात, आणि त्या पातळीवर पदार्थाचा अणुक्रमांक जितका मोठा तितके शोषण झपाट्याने वाढत जाते. कार्बनचा अणुक्रमांक ६, टायटॅनियमचा २२ आणि कोबाल्टचा २७. त्यात जुन्या १२ बिटच्या प्रतिमेत घनतेचे मोजमाप ३०७१ या आकड्यालाच थांबते, म्हणजे त्यापुढचा प्रत्येक धातू यंत्राला सारखाच दिसतो आणि त्याची खरी घनता मला हाताने भरावी लागते. प्रोटॉनच्या उपचारात हे प्रकरण आणखी नाजूक होते, कारण प्रोटॉन कुठे थांबणार हेच वाटेतल्या पदार्थावर ठरते आणि चित्रातली चूक थेट अंतरातली चूक बनते.

मग टायटॅनियम वापरतातच का? कारण त्याच्या पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे हाड त्याला खरोखर धरून बसते, ते गंजत नाही, आणि स्टेनलेस स्टील किंवा कोबाल्ट-क्रोमच्या तुलनेत एमआरआय कमी बिघडवते. शिवाय रॉड ऑपरेशनच्या टेबलावरच पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवता येतो. ताठपणाच्या मापात ते सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाचे कठीण कवच १५ ते २० च्या घरात; ही तफावत मोठी असली तरी टायटॅनियमच्या सुमारे दुप्पट ताठ असलेल्या कोबाल्ट-क्रोमच्या मानाने सौम्यच म्हणायची.

कार्बन तंतू घातलेले पॉलिइथर इथर कीटोन हे प्लॅस्टिक हा यावरचा अलीकडचा पर्याय. त्याचे इंग्रजी लघुनाम उच्चारले की मराठी कानाला शेतातले पीक आठवते, त्यामुळे मी आपला ‘कार्बनचे रॉड’ एवढेच म्हणतो. स्कॅनमध्ये ते जवळजवळ अदृश्य असतात. मज्जारज्जू स्वच्छ दिसतो, आणि सहा महिन्यांनी गाठ परत डोके वर काढते आहे का हेही एमआरआयवर वेळेत कळते. माझ्या मते हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. अदृश्यतेची किंमत मात्र शल्यविशारद मोजतात. स्क्रू बसवताना क्ष-किरणांत दिसावा म्हणून त्यात टँटॅलम या धातूची खूण किंवा टायटॅनियमचा पातळ थर ठेवावा लागतो, रॉड जागेवर वाकवता येत नाही म्हणून आधीच घडवलेल्या आकारांतून निवडावा लागतो, आणि नुसत्या प्लॅस्टिकला हाड धातूइतके चिकटतही नाही.

कॉर्डोमाच्या प्रोटॉन उपचारांविषयी स्वित्झर्लंडहून आलेल्या अभ्यासांत, धातू बसवलेल्या रुग्णांमध्ये गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक आढळले होते. त्याचा दोष सगळा धातूच्या माथी मारणे मला पटत नाही, कारण ज्यांचा मणका अधिक पोखरला गेला होता त्यांनाच आधाराची जास्त गरज पडली असणार. तरीही ते वाचल्यापासून मी अधिक सावध झालो आहे.

दुसऱ्या अवयवातून मणक्यात पसरलेल्या कर्करोगात हिशोब वेगळा असतो. तिथे हाड जुळून येण्यासाठी लागणारे महिने अनेकदा हाताशी नसतात, आणि किरणांमुळे कलम म्हणून बसवलेले हाड धरायलाही वेळ लागतो. काढलेल्या मणक्याच्या जागी ॲक्रिलिक सिमेंट भरण्याची कल्पना १९६७ मध्येच मांडली गेली, ती याच निकडीतून. ते काही मिनिटांत घट्ट होते आणि त्याच दिवशी भार पेलते. घट्ट होताना तापते म्हणून मज्जारज्जूपासून जपावे लागते, आणि हाडाशी ते एकजीव होत नाही म्हणून दीर्घायुषी रुग्णात कालांतराने सैल पडू शकते.

आमच्याकडचे एक शल्यविशारद आता तारीख ठरवण्याआधी फोन करतात. त्यांचा प्रश्न एकच असतो: नंतर किरण द्यायचे आहेत का, आणि किती जवळून? मागच्या वेळी उत्तर ‘अगदी खेटून’ असे होते, म्हणून कार्बन बसवला. त्याआधीच्या रुग्णाला किरणांची गरजच नव्हती, आणि तिथे टायटॅनियमच योग्य होते.