आधी गाडी चालवू, मग बॉक्स उतरवू

आमच्या गॅरेजमध्ये इंजिनाचं काम होत नाही. एसी, डेंटिंग-पेंटिंग, वॉशिंग यातलं काहीच नाही. भांडुपला एलबीएस मार्गाच्या आतल्या एका गल्लीत आमची जागा आहे आणि तिथे आम्ही फक्त क्लच आणि गिअरबॉक्स (आमच्या भाषेत नुसता ‘बॉक्स’) बघतो. एवढ्याशा कामावर धंदा चालतो कसा, असं नवीन माणूस हमखास विचारतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात अण्णांपासून, म्हणजे आमच्या वडिलांपासून. ते कुर्ल्याला टॅक्सीच्या गॅरेजमध्ये कामाला होते. तेव्हा काळी-पिवळी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, आणि ती बनायचीही कुर्ल्यातच. चार गिअर, दांडा स्टिअरिंगला, इंजिनामागे बॉक्स आणि तिथून प्रोपेलर शाफ्ट थेट मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरला. एकच टॅक्सी दिवसा एक चालवायचा, रात्री दुसरा. क्लच जळाला म्हणून गाडी आली की अण्णा आधी विचारायचे, ‘चालवतं कोण?’ पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर नवी प्लेट टाकूनही पुन्हा तेच होणार, हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही आजही पहिला प्रश्न तोच विचारतो.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि सगळी मांडणीच बदलली. इंजिन आडवं, ओढणारी चाकं पुढची, बॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात. टॅक्सीवाल्या बऱ्याच मिस्त्रींनी या गाड्यांकडे पाठ फिरवली. अण्णांनी मात्र कुर्ला सोडलं, ही जागा भाड्याने घेतली आणि मारुतीची कामं धरली. मी आयटीआय करून त्यांच्या हाताखाली आलो, पाठोपाठ धाकटा भाऊ आला. त्या वेळी आम्ही इतरांसारखंच सगळं करायचो. ब्रेक, सर्व्हिसिंग, मिळेल ते.

कानाचं शिक्षण अण्णांनी दिलं. गाडी जागेवर सुरू, गिअर न्यूट्रलला, क्लचवरचा पाय काढलेला. बॉक्समधून घरघर येतेय? आता पेडल पूर्ण दाबायचं. घरघर थांबली तर संशय बॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर, बहुतेक इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणाऱ्या शाफ्टच्या. कारण पेडल दाबलं की इंजिन सुटतं आणि तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, गेलं. दोन्हीसाठी बॉक्स खाली घ्यावा लागतो, पण रिलीज बेअरिंग बाहेरच्या बाहेर बदलतं. आतलं बेअरिंग बदलायचं म्हणजे अख्खा बॉक्स खोलायचा. बिलात केवढा फरक पडतो, ते या अर्ध्या मिनिटात कळतं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला आम्ही पाना हातात देण्याआधी हे शिकवतो.

फक्त गिअरबॉक्सच करायचा हा विचार २६ जुलै २००५ नंतर पक्का झाला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि या पट्ट्यातल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी उतरल्यावर लोकांनी इंजिन करून घेतलं, वायरिंग बदललं, सीटा उन्हात वाळवल्या. गिअरबॉक्स कुणाच्या मनातही नव्हता. पण बॉक्सला वर एक ब्रीदर असतो, आतली गरम हवा बाहेर जायला. गरम बॉक्स पाण्यात थंड झाला की ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. काही महिन्यांनी या गाड्या घूंऽऽ असा आवाज करत येऊ लागल्या. ड्रेन नट काढला की खाली दुधाच्या चहाच्या रंगाचं ऑइल पडायचं आणि बेअरिंगवर गंज चढलेला असायचा. हजारभर रुपयांच्या ऑइलने जे टळलं असतं, त्यासाठी लोक बॉक्स बांधून घेत होते. आम्हाला त्याचे पैसे मिळत होते, तरी बघवत नव्हतं. पाण्यातून गेलेल्या गाडीचं गिअर ऑइल ताबडतोब बघा, हे तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो आहोत. हिंदमाता असो, अंधेरी सबवे असो, चाकाच्या मध्याच्या वर पाणी आलं असेल तर बघाच.

बॉक्स उतरवायच्या आधी गाडी चालवून बघायची, आणि चालवताना मालकाला शेजारी बसवायचं, हा नियम एका बाईंच्या गाडीवरून पडला. मुलुंडच्या शिक्षिका होत्या. क्लच सोडताना धक्का बसतो, दांडा हलतो, म्हणून दुसऱ्या एका वर्कशॉपने त्यांना नवीन बॉक्सचं एस्टिमेट दिलं होतं. आकडा बघून त्या गाडीच विकायला निघाल्या होत्या. भावाने चालवून पाहिली, बॉनेट उघडलं, मला क्लच सोडायला सांगितला. इंजिन जागेवरून चांगलंच उचललं जात होतं. रबराचं माउंटिंग फाटलं होतं, तेवढंच. बॉक्सला हातसुद्धा लावावा लागला नाही. एवढं महाग एस्टिमेट गाडी न चालवता कसं निघतं, याचा मला आजही राग येतो.

चालवताना आम्ही काय बघतो, ते गाडीवाल्यालाही घरच्या घरी बघता येईल. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं पण गाडी त्या मानाने पळाली नाही, तर क्लचप्लेट घसरतेय. पुढे जळका वास येतो, पण वास यायची वाट बघू नका. घसरणारी प्लेट तापून ती ज्या चाकावर दाबली जाते ते इंजिनाचं फ्लायव्हीलही खराब करते आणि खर्च वाढतो. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकताना खर्र होतं आणि नंतर बंद होतं, हे सिंक्रोच्या, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवून देणाऱ्या, पितळी रिंग झिजायला लागल्याचं लक्षण, किंवा ऑइल तरी जुनं किंवा चुकीचं आहे. सगळेच गिअर जड पडत असतील आणि इंजिन बंद केल्यावर सहज पडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही. दोष बहुधा केबलचा किंवा हायड्रॉलिकचा, बॉक्सचा नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटत असेल तर मात्र गाडी लगेच आणा. वळताना चाकाकडून कट-कट ऐकू येते ती ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटची. तीही लोक बॉक्सच्या खात्यावर टाकतात.

ऑइलच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत. डब्यावर ७५डब्ल्यू-९०, म्हणजे ऑइल किती घट्ट ते, वाचून काम भागत नाही, खाली त्याचा प्रकार जीएल-४ आहे की जीएल-५ तेही वाचावं लागतं. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलच्या गिअरसाठी, त्यात गंधक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त. जीएल-४ मागणाऱ्या बॉक्समध्ये ते घातलं तर पितळी रिंगना मानवत नाही, गिअर नीट जुळत नाहीत. ‘जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं’ असं समजून आणलेले डबे आम्ही परत पाठवतो. ऑइल काढल्यावर ड्रेन नटचं चुंबक मालकाच्या समोर फडक्यावर पुसायचं. बोटांना मऊ लागणारी करडी पेस्ट निघाली तर काळजी नाही, ती रोजची झीज. टोचणारा कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर बोलणं वेगळं.

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेला, गिअर आपोआप पडणारा बॉक्स, आली आणि दोन वर्षांत आमच्या दारात दिसू लागली. आतला बॉक्स साधाच, फक्त क्लच आणि गिअर हलवायला माणसाऐवजी ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा. भावाने स्कॅनर शिकून घेतला, ते काम आता त्याचंच. मुंबईत या गाड्यांचे क्लच जातात ते चढाच्या ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरल्याने. ब्रेक धरा, तो त्यासाठीच आहे. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटीत (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) डी टाकल्यावर गाडीने घ्यायला उशीर केला किंवा कमी वेगात थरथरली तर आधी ऑइल बघतो. सीव्हीटीला तिचंच ऑइल लागतं, ऑटोमॅटिकचं साधं ऑइल, एटीएफ, चालत नाही. ‘आयुष्यभराचं ऑइल’ हा शब्द आम्ही मानत नाही, इथल्या उन्हात आणि रांगेत तर नाहीच. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक बॉक्स, मात्र आम्ही खोलत नाही. त्याची हत्यारं आमच्याकडे नाहीत, तसं तोंडावर सांगतो आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे पाठवतो.

फोन कराल तेव्हा एवढं सांगा: आवाज किंवा धक्का कोणत्या गिअरला येतो, गाडी थंड असताना की गरम, पेडल दाबल्यावर बदलतो का, आणि ऑइल शेवटचं कधी बदललं. ऑटोमॅटिक गाडी पाण्यात बंद पडली असेल तर पुन्हा स्टार्ट मारू नका, आणि पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढूनही आणू नका. इंजिन बंद असताना बॉक्सचा पंप फिरत नाही, आत ऑइल पोचत नाही. फ्लॅटबेडवर चढवून आणा. पावसाळ्यात आम्ही रात्री उशिरापर्यंत उघडे असतो.