इटास्का तलावाकाठी ट्रेलर: टाकीतल्या पाण्यावर लाँग वीकएंड

या हंगामात आम्ही एकच गोष्ट नीट शिकायची ठरवली होती. साइटवर नळ नाही, सांडपाण्याची जोडणी नाही, अशा ठिकाणी पूर्ण लाँग वीकएंड स्वतःच्या टाक्यांवर काढायचा. त्यासाठी मिनेसोटातलं इटास्का स्टेट पार्क निवडलं. ट्विन सिटीजपासून (मिनियापोलिस-सेंट पॉल) साधारण चार तास. शेवटचं पेट्रोल आणि किराणा पार्क रॅपिड्सला घ्यायचा आणि हायवे ७१ ने वर जायचं.

पार्कच्या पाइन रिज कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलर उभा करायला ३० अँप विजेची जोडणी असलेली साइट मिळाली. बुकिंग १२० दिवस आधी उघडतं, आणि विजेच्या साइट पटापट जातात. ३० अँप म्हणजे १२० व्होल्टवर जास्तीत जास्त ३,६०० वॅट. एसी, गीझरचं विजेचं एलिमेंट आणि इंडक्शन एकत्र लावलं की ब्रेकर उडणारच. म्हणून आता गीझर प्रोपेनवर चालवतो आणि कुकर लावायची वेळ झाली की एसी बंद. सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यांपासून वाचवणारं उपकरण) आधी साइटवरच्या विजेच्या खांबाला लावायचा, त्याने वीज ठीक दाखवली की मगच ट्रेलर जोडायचा. हा क्रम आता हाताला बसला आहे.

ट्रेलर मागे घेणंही सुधारलंय. स्टिअरिंगला तळाशी धरायचं आणि ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात सरकवायचा. नवरा मागे उभा राहतो, पण आरशात दिसेल अशाच जागी. तो आरशात दिसेनासा झाला की मी थांबते, बोलाचाली नाही. इथे पाइनची झाडं साइटच्या अगदी लगत आहेत, त्यामुळे घाई करायचं कामच नाही.

आता पाणी. आमची गोड्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटर. भरली की दीडशे किलो वजन वाढतं, म्हणून घरून थोडंच नेतो आणि पार्कच्या भरण्याच्या ठिकाणी टाकी भरून घेतो. अंदाज असा होता की आधी गोडं पाणी संपेल. प्रत्यक्षात आधी भरते ती ग्रे टँक, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी, आणि तिला भरतो तो आपला स्वयंपाक. पोळी-भाजी, वरण-भात म्हटलं की तेलकट ताटं आणि कढया आल्याच. त्यावर चांगला लागू पडलेला उपाय म्हणजे ताटं आधी कागदाने पुसून घ्यायची, मग एका छोट्या टबात साबणाच्या पाण्यात धुवायची आणि दुसऱ्या टबात विसळायची. तांदूळ-डाळ घरूनच धुऊन, वाळवून नेली. पिठलं-भात आणि कांदेपोहे या दोन पदार्थांना पाणी आणि भांडी दोन्ही कमी लागतात, त्यामुळे त्यांची वर्णी वारंवार लागली. आंघोळ पार्कच्या शॉवरमध्ये. निघताना डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी ब्लॅक टँक (टॉयलेटची टाकी) सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज (सांडपाण्याचा पाइप) धुऊन निघतो. ब्लॅक टँकमध्ये मात्र पाण्याची काटकसर करू नका. तिथे पाणी कमी पडलं की तळाशी थर घट्ट बसतो.

एवढी उठाठेव का, तर हे पार्क त्या लायकीचं आहे. मिनेसोटातलं हे सगळ्यात जुनं स्टेट पार्क. २० एप्रिल १८९१ ला विधिमंडळात अवघ्या एका मताने ते मंजूर झालं. जेकब ब्रोवर यांनी या भागाचं सर्वेक्षण करून त्यासाठी जीव तोडून प्रयत्न केले होते. लाकूडतोड तरी लगेच थांबली नाही. १९०३ मध्ये मेरी गिब्स ही २४ वर्षांची मुलगी पार्कची आयुक्त झाली. लाकूड कंपनीच्या बंधाऱ्यामुळे तलाव चढून काठावरची झाडं बुडत होती, म्हणून तिने बंधाऱ्याची दारं उघडायला लावायचा आग्रह धरला, तोही समोर बंदुका असताना. पार्कमधल्या प्रीचर्स ग्रोव्ह या राईतले दोनशेहून अधिक वर्षांचे रेड पाइन बघताना मला सारखी तीच आठवत होती.

मिसिसिपी इथून निघते. ३२ वर्षांपूर्वीचा शाळेचा भूगोल डोक्यात असला, तरी ती नदी दगडांवरून पाच-सहा ढांगांत ओलांडताना अंगावर काटा येतो. तिथल्या लाकडी खांबावर २,५५२ मैल लिहिलंय, मेक्सिकोच्या आखातापर्यंत. ते दगड मात्र मुळातले नाहीत. १९३० च्या दशकात दलदल हटवून पात्र नीट केलं तेव्हा ते रचले. त्याच काळात सीसीसी या मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेच्या तरुणांनी दगड-लाकडाच्या देखण्या इमारतीही उभारल्या. वेळ असेल तर १९०५ चा डग्लस लॉज आणि उगम, म्हणजे तलावाची दोन टोकं, सायकलने जोडा. डांबरी सायकलवाट आहे, आणि ट्रेलर साइटवर ठेवूनच फिरणं इथे सगळ्यात सोयीचं.

दोन नियम लक्षात ठेवा: गाडीला पार्कचा परवाना लागतो, आणि घरचं सरपण आणायचं नाही, कारण त्यातून ॲश झाडं पोखरणारी कीड पसरते.

पुढचा टप्पा याच पार्कच्या बेअर पॉ कॅम्पग्राउंडमधला, सप्टेंबरअखेर, पानं रंगात असताना. तेव्हा वीज नसलेली साइट घ्यायचा विचार आहे. फर्नेसचा (ट्रेलरच्या हीटरचा) पंखा रात्रभर बॅटरी किती खातो ते आधी घरच्या ड्राइव्हवेवर मोजणार आहोत. कुणी लिथियम बॅटरीवर फर्नेस चालवत असेल, तर गोठणाऱ्या रात्रीचे आकडे जरूर सांगा.