तक्ता जुळला, शब्द जुळेनात

त्या दुपारी नागपुरातल्या आमच्या खोलीत टेबलावर ध्वनींचे दोन तक्ते शेजारी शेजारी पडले होते. एक वर्धा-अमरावतीकडच्या वऱ्हाडीचा, दुसरा भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीचा. दोन्ही ध्वनिमुद्रणं खेड्यातच आयुष्य काढलेल्या वयस्क माणसांची. दोन्हींत 'ण' नाही, पाण्याचं पानीच. 'ळ'ही नाही. ल, र, य, न मात्र दोन्हींत ठणठणीत. सहायकानं रकाने जुळवले आणि विचारलं, "सर, एवढ्यापुरत्या दोन्ही बोली सारख्याच दिसतात. बोलींच्या नकाशावर एकच रंग देऊ का?"

तक्त्याप्रमाणे त्याचं बरोबर होतं. मी त्याला तीनच शब्द पुन्हा ऐकायला सांगितले: डोळा, गाळ, माळ. वऱ्हाडीत डोया, गाय, माय. झाडीत डोरा, गार, मार. 'ळ'चं घर दोन्हीकडे रिकामं, पण बिऱ्हाड एकीकडे 'य'कडे गेलं, दुसरीकडे 'र'कडे. शिल्लक ध्वनी मोजले तर ही गोष्ट कधीच सापडत नाही.

ही अडचण जुनी आहे. प्रत्येक बोली ही स्वतःत पूर्ण व्यवस्था आणि ध्वनीला किंमत त्या व्यवस्थेतल्या विरोधामुळे (म्हणजे ध्वनी बदलला की शब्दच बदलतो यामुळे), असं एकदा मानलं की दोन बोलींची तुलना करायची तरी कशी? १९५४ साली भाषाशास्त्रज्ञ उरिएल वाइनराइख यांनी हाच प्रश्न घेतला आणि दोन-तीन बोलींचे विरोध एका सामाईक चौकटीत मांडायची रीत सुचवली. १९६० मध्ये दुसरे भाषाशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन यांनी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न आणि आपेन्झेल इथल्या जर्मन बोलींवरून या रीतीची उणीव दाखवली. ऱ्हस्व स्वरांचा संच दोन्हीकडे तोच, पण एकीकडच्या स्वराचे शब्द दुसरीकडे भलत्याच स्वरात जाऊन बसलेले. आमच्यासमोरचे तक्ते याच जातीचे होते.

तक्ता बाजूला ठेवून आम्ही ऐकवण्याची चाचणी लावली. 'ळ' मराठीत शब्दारंभी येत नाही, म्हणून शब्द मधल्या आणि शेवटच्या जागेचेच घ्यायचे. 'केळी'सारखे टाळायचे, कारण पुढे 'ई' आली की 'य' विरघळतो आणि कानाला नुसतं 'केई' उरतं. आ किंवा ओ नंतरचे शब्द सगळ्यांत स्वच्छ. यादी वाचायला द्यायची नाही. शाळा शिकलेला माणूस छापील 'ळ' दिसला की 'ळ'च म्हणतो. वस्तू किंवा चित्र दाखवायचं, शब्द तीनदा म्हणवून घ्यायचा, मधली खेप वापरायची. पहिल्या खेपेला माणूस जपून बोलतो, तिसरीला आवाज खाली पडतो.

एक सापळा व्याकरणाचा आहे. 'नालीतला गाय काढला' म्हटलं की 'काढला'वरूनच गाय नव्हे, गाळ आहे हे कळतं. म्हणून शब्द सुटा ऐकवायचा.

आधी प्रत्येकाला स्वतःचाच आवाज उलटसुलट क्रमानं ऐकवला. अमरावतीकडच्या काकांना त्यांनीच म्हटलेले 'गाळ' आणि 'गाय' वेगळे ओळखता येईनात, उत्तर कधी बरोबर, कधी चूक. म्हणजे विरोध खरोखर मिटला आहे. ते ओळखू शकले असते, तर एखादा बारीक फरक आमच्याच कानातून निसटतोय असं धरावं लागलं असतं.

मग अदलाबदल केली. काकांच्या तोंडचा 'गाळ' भंडाऱ्याच्या आजीला ऐकवला. आजीनं बिनदिक्कत गाईच्या चित्रावर बोट ठेवलं. आजीच्या तोंडची 'माळ' काकांना ऐकवली. ते म्हणाले, "मार म्हणून राहिली न जी! कोनाले मारतं?" सहायक हसला आणि एका रंगाचा विषय तिथंच संपला.

लिहून घेण्यातही धोका होता. झाडीतला 'र' म्हणजे जिभेचा एक हलका ठोका, आणि पुण्याकडच्या कानाला तो घाईत 'ळ'च वाटू शकतो. म्हणून दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं आणि मतभेद असलेल्या खेपा तिसऱ्याला द्यायच्या. बोलींच्या बहुतेक हौशी वह्यांत नेमकं हे राहून जातं. मजेदार शब्द ढिगानं, 'गाळ'-'गाय'सारख्या जोड्या जवळपास शून्य.

नागपूर शहरातला माणूस घरी 'डोया' आणि कचेरीत 'डोळा' म्हणतो. त्याची दोन्ही उत्तरं एकाच रकान्यात टाकली की तिसरीच, कुणीही न बोलणारी बोली तयार होते. त्याला दोन रकाने दिले, आणि कोणतं उत्तर कुणाशी बोलताना आलं तेही शेजारी लिहिलं.

नव्या तक्त्यात ओळी ध्वनींच्या नाहीत, शब्दांच्या आहेत. डावीकडे प्रमाण मराठीतला 'ळ'चा शब्द, पुढे प्रत्येक बोलीतलं रूप, आणि शेवटी ते रूप त्याच बोलीतल्या कोणत्या दुसऱ्या शब्दाशी एकरूप होतं ते. 'ळ'च्या नकाशाला दोन रंग लागले. 'ण'च्या नकाशाला एकच पुरला.